जुन्या गेमचा मॉड: आधी पडायचा थांबवा, मग खेळ सुधारा

माझे वडील सोलापुरात पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. माग बंद पडला की विणकर त्यांना हाक मारायचा. वडील यायचे आणि मिनिटभर नुसते उभे राहायचे. कुठला धागा तुटलाय, धोटा कुठं अडकलाय, ताण कुठल्या बाजूला जास्त आहे, हे आधी डोळ्यांनी बघायचे. पान्याला हात त्यानंतर. विणकराची घाई असायची, कारण माग बंद म्हणजे मजुरी बंद. पण वडील कधी दोन नट एकदम सैल करायचे नाहीत.

मी गेमचे मॉड करायला लागलो, म्हणजे तयार गेमच्या फाइली बदलून त्याची आपली आवृत्ती करायला लागलो, तेव्हा नेमकं उलटं करायचो. गेम पडला, म्हणजे चालता चालता अचानक बंद झाला, की रागारागात पाच फाइली बदलायच्या, गेम पुन्हा पडला की आणखी पाच. शेवटी मूळ दुखणं कुठलं आणि मी लावलेलं कुठलं, हेच कळेनासं व्हायचं. असे बरेच महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

गेम आहे 'मेडिव्हल टू: टोटल वॉर'. नकाशावर पाळीपाळीनं राज्य वाढवायचं आणि मध्ये लढाया लढायच्या. अशा एका पाळीला 'टर्न' म्हणतात. नोव्हेंबर २००६ मध्ये आला, 'किंग्डम्स' हा त्याचा जोडभाग २००७ मध्ये. एवढा जुना गेम का, असं विचाराल तर दोन कारणं आहेत. साध्या कॉम्प्युटरवर चालतो. आणि त्याच्या बऱ्याचशा फाइली साध्या मजकुराच्या आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात. चुलतभाऊ, एक मित्र आणि मी मिळून त्यावर दख्खनचा छोटा मॉड करतोय: १४९० पासून १६०० पर्यंत, निजामशाही, आदिलशाही, इमादशाही, बरीदशाही, कुतुबशाही, विजयनगर, गुजरात, माळवा, खानदेश, ओडिशाचे गजपती आणि गोव्याचे पोर्तुगीज. अकरा सत्ता, बारावे बंडखोर. खाली सांगतो ते या गेमच्या कुठल्याही मॉडला लागू आहे, स्वतः केलेला असो की कुणाचा उतरवून घेतलेला.

एक सूचना. फाइलींची नावं मी इथं देवनागरीत लिहितोय. तुमच्या फोल्डरात ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून दिसतील. उच्चारावरून ओळखता येतील.

पायरी पहिली: गेम कुठं ठेवायचा

'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवू नका. विंडोज त्या फोल्डरावर पहारा ठेवतं. तुम्ही फाइल बदलता, पण बदल कधी जतनच होत नाही, तर कधी विंडोज बदललेली प्रत गुपचूप दुसऱ्याच जागी नेऊन ठेवतं. मग तुम्ही बदलता एक फाइल आणि गेम वाचतो दुसरीच. डी ड्राइव्हवर सरळ 'गेम्स' असा फोल्डर करा. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, घेतला असेल तर स्टीमलाही दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी करता येते. फोल्डरांच्या नावात देवनागरी अक्षरं नकोत, मोकळ्या जागा नकोत. आमच्या मॉडचं नाव आम्ही हौसेनं मराठीत ठेवलं होतं. गेम सुरूच होईना. रोमनमध्ये 'दख्खन' लिहिल्यावर पहिल्या झटक्यात उघडला.

मग मॉड न लावता मूळ गेम दहा टर्न खेळा. कंटाळा येईल, पण खेळा. मूळ गेमच पडत असेल तर दोष मॉडचा नाही आणि पुढचं सगळं करण्यात अर्थ नाही. तो नीट चालला की मॉड कसलाही बदल न करता दहा टर्न खेळा. या वीस टर्नना तासभर लागतो. पुढं वाचणारे तास मोजत बसायची गरज नाही.

पायरी दुसरी: प्रती

मॉडच्या फोल्डराच्या तीन प्रती ठेवा. एक 'मूळ', तिला कधीच हात लावायचा नाही. दुसरी 'चालू', म्हणजे शेवटची न पडणारी अवस्था. तिसरी 'प्रयोग', सगळी तोडफोड तिथं. प्रयोग सलग तीस टर्न टिकला तरच त्याची 'चालू'वर बढती.

चौथी प्रत कॉम्प्युटरच्या बाहेर, पेन ड्राइव्हवर. हे मी फार महागात शिकलो. एकदा कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला. फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करा, डीला हात लावू नका, असं मी दोनदा सांगितलं होतं. दुकानदारानं दोन्ही साफ करून, वर 'आता बघा कसा पळतो' म्हणून हसत माझ्या हातात दिला. पळत होताच. दोन महिन्यांचा नकाशा मात्र गेला.

फाइल बदलताना जुनी ओळ पुसू नका. तिच्या सुरुवातीला अर्धविराम टाका, म्हणजे सेमीकोलन. गेम ती ओळ वाचत नाही, पण तुमच्या डोळ्यांसमोर ती राहते. खाली नवी ओळ लिहा, शेजारी तारीख. हे मजकुराच्या फाइलींपुरतंच. एक्सएमएल फाइलींमध्ये अर्धविराम चालत नाही, तिथं टीप लिहायची खूण वेगळी असते.

पायरी तिसरी: मेमरी

हा गेम ३२ बिटचा आहे. असा प्रोग्राम विंडोजवर साधारणपणे २ जीबीपर्यंतच मेमरी वापरू शकतो. तुमच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम असली तरी तेवढीच. २००६ मध्ये ती पुरत होती. मॉडमध्ये नवी चित्रं, नव्या तुकड्या, मोठा नकाशा आला की २ जीबी भरतात आणि गेम मुकाट्यानं मान टाकतो. मोठ्या लढाईच्या ऐन मध्ये, कसलाही इशारा न देता गेम बंद झाला, तर पहिला संशय याचाच घ्या.

उपाय सोपा आहे. गेमच्या एक्झी फाइलमध्ये, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलमध्ये, एक खूण असते, मोठी मेमरी वापरायची मुभा सांगणारी. 'फोर जीबी पॅच' नावाचं छोटं साधन ती खूण चालू करतं. ६४ बिटच्या विंडोजवर मग गेमला ४ जीबीपर्यंत जागा मिळते. 'किंग्डम्स' आणि 'मेडिव्हल टू' दोन्ही एक्झींना ते लावा, आधी प्रत काढून. स्टीममध्ये फाइली तपासायचा पर्याय वापरलात तर स्टीम मूळ एक्झी परत आणून ठेवतं आणि खूण जाते. म्हणून तसं केल्यावर पॅच पुन्हा लावायचा. आमच्या मॉडमधल्या वेढ्याच्या लढाया निम्म्या वेळा पडायच्या. या एका गोष्टीनंतर जवळजवळ थांबल्या.

उन्हाळा आणि वीज

मार्च संपला की सोलापुरात पंख्याखाली बसूनही घाम पुसावा लागतो आणि मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो. लॅपटॉपलाही ते सोसत नाही. तापला की तो आपला वेग कमी करतो, आणखी तापला की बंद पडतो. दुपारी दोनला पडणारा मॉड रात्री अकराला धडपणे चालत असेल तर फाइली चाळू नका, पंखा साफ करा. आमच्या भागात तर हवेत सुताची बारीक तूस असते. मित्राच्या लॅपटॉपचा पंखा उघडला तेव्हा आतून निघालेल्या कापसाची वात वळली असती.

तुकड्यांचा आकार कमी करणं हा दुसरा उतारा. 'ईडीयू' (फोल्डरात 'एक्सपोर्ट डेस्कर युनिट') या तुकड्यांच्या फाइलमध्ये तुकडीत ६० माणसं लिहिली असतील तर 'ह्यूज' या सेटिंगवर ती अडीचपट, म्हणजे १५० होतात. एका सैन्यात जास्तीत जास्त २० तुकड्या. दोन्ही बाजूंची मिळून ६,००० माणसं झाली, प्रत्येकाची हालचाल वेगळी. एक पायरी खाली आणा. सावल्या आणि गवत कमी करा. तलवार चालताना गवताकडं कोण बघतंय?

वीज जाते ती नेमकी टर्न संपताना, हा माझा अनुभव आहे, त्याला शास्त्रीय आधार नाही. तेव्हा गेम आपोआप सेव्ह करत असतो आणि ती फाइल अर्धवट राहिली की पुन्हा उघडत नाही. म्हणून आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नका. दर पाच टर्नला स्वतः सेव्ह करा, दर वेळी नव्या नावानं.

पायरी चौथी: गेम काय सांगतोय ते वाचा

गेम पडला की एक चौकट येते: अनिर्दिष्ट चूक झाली, आता बंद होतोय. एवढंच. बिचाऱ्याला ठाऊक असतं, पण तो तोंडानं सांगत नाही, लिहून ठेवतो. ते लिहिलेलं म्हणजे लॉग.

मॉडच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, 'लॉग' असा मथळा शोधा. नसेल तर घाला. त्याखाली दोन ओळी लागतात. 'टू'च्या पुढं लॉग कुठं लिहायचा तो पत्ता, 'लेव्हल'च्या पुढं किती खोलात लिहायचं ते. खोलात हवं तर तारांकन आणि 'ट्रेस', फक्त चुका हव्यात तर तारांकन आणि 'एरर'. दुखणं शोधताना ट्रेस ठेवा, सापडलं की एररवर आणा, कारण ट्रेसवर गेम सतत लिहीत राहतो आणि रेंगाळतो. याच कॉन्फिगमध्ये 'फाइल फर्स्ट'च्या पुढं 'ट्रू' आहे ना, तेही बघून घ्या. ते नसेल तर गेम बांधलेल्या गठ्ठ्यातल्या जुन्या फाइली वाचतो आणि तुम्ही केलेले बदल बाहेर ताटकळत बसतात.

गेम पडला की लॉग उघडा आणि थेट तळाशी जा. शेवटच्या ओळीत गेम काय वाचत होता ते दिसतं. मग तिथून वर सरकत पहिली चूक शोधा. खालच्या दहा चुका बऱ्याचदा वरच्या एका चुकीची पिल्लं असतात. प्रत्येक खेपेला जुना लॉग पुसून टाका, नाहीतर कालच्या चुकीवर आज संध्याकाळ जाईल.

कुठं पडतो त्यावरूनही बरंच कळतं. मेन्यू यायच्या आधीच पडला तर ईडीयू, ईडीबी (फोल्डरात 'एक्सपोर्ट डेस्कर बिल्डिंग्ज', इमारती आणि भरतीची फाइल) किंवा कॉन्फिगमध्ये लिहिण्याची चूक: एखादा स्वल्पविराम, सुटलेला कंस, चुकलेलं नाव. मोहीम उघडताना पडला तर 'डेस्कर स्ट्रॅट' (मोहिमेची सुरुवातीची मांडणी) किंवा 'डेस्कर रीजन्स' (प्रदेशांची यादी). ठरावीक टर्नला, पुन्हा पुन्हा तिथंच पडला तर 'कॅम्पेन स्क्रिप्ट', म्हणजे मोहिमेत कधी काय घडायचं ते लिहिलेली फाइल. एखादी विशिष्ट तुकडी लढाईत असली की पडतो, तर त्या तुकडीचं मॉडेल.

मॉडेलांची फाइल, 'बॅटल मॉडेल्स डॉट मॉडेल-डीबी', नवख्यानं पहिल्या महिन्यात उघडू नये. का ते सांगतो. तिच्यात प्रत्येक नावाच्या आधी त्या नावातल्या अक्षरांची संख्या लिहिलेली असते. नाव बदललं आणि आकडा बदलायला विसरलात की पुढचं सगळं वाचन एका घरानं सरकतं. आमच्या हत्तीच्या चित्राच्या नावात मी मागाहून एक अक्षर वाढवलं. आकडा तसाच राहिला. चार रात्री गेल्या, कारण मी हत्तीची ताकद, हत्तीचा खर्च, हत्तीवरचे तिरंदाज सगळं तपासलं. नाव मोजलं नाही.

नकाशाचंही तसंच. 'मॅप रीजन्स' या चित्रात प्रत्येक प्रदेशाला एक ठरलेला रंग असतो. शहराच्या जागी शुद्ध काळा एक ठिपका, बंदराच्या जागी शुद्ध पांढरा. चुलतभावानं सोलापूरचा प्रदेश हौसेनं मऊ ब्रशनं रंगवला. दिसायला सुरेख. पण मऊ ब्रश कडेला दोन रंगांच्या मधल्या छटा सोडतो आणि गेमला त्यातली प्रत्येक छटा म्हणजे नोंद नसलेला नवा प्रदेश. कडक कडेची पेन्सिल वापरा, चित्र २४ बिट टीजीएमध्ये, दाबून लहान न करता जतन करा. नकाशातलं काहीही बदललं की 'मॅप डॉट आरडब्ल्यूएम' ही फाइल पुसा. गेम ती नव्यानं बनवतो. पुसली नाही तर जुनाच नकाशा दिसत राहतो आणि आपण वेड्यासारखं स्क्रीनकडं बघत बसतो.

अक्षरांची मेख

तुकड्यांची, शहरांची नावं 'टेक्स्ट' फोल्डरात असतात. त्या फाइली युटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतच (एन्कोडिंगमध्येच) जतन व्हायला हव्यात. साधा एडिटर त्या युटीएफ-८ मध्ये जतन करून मोकळा होतो आणि मग नाव कोरं दिसतं किंवा गेम पडतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये खाली कोपऱ्यात एन्कोडिंग दिसतं, तिथं नजर ठेवा. बदल केल्यावर त्याच नावाची 'स्ट्रिंग्ज डॉट बिन' फाइल पुसा, ती पुन्हा तयार होते.

जुने सेव्ह चालतील का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. ईडीयूमधली ताकद, खर्च, मनोधैर्य बदललं तर चालतात. डेस्कर स्ट्रॅट, नकाशा आणि कॅम्पेन स्क्रिप्ट बदललं तर मोहीम नव्यानं सुरू करा. रडू नका.

आता खेळ

मॉड तीस टर्न न पडता चालला की इथं या, त्याआधी नाही. पडणाऱ्या मॉडमध्ये सुधारणा घालणं म्हणजे तुटलेल्या ताण्यावर नक्षी विणणं.

पैशापासून सुरुवात करा. या गेममध्ये कॉम्प्युटर मूर्खासारखा वागतो असं वाटतं, त्याचं कारण बऱ्याचदा तो कंगाल असतो हे आहे. तिजोरी रिकामी म्हणून भरती नाही, भरती नाही म्हणून चाल नाही, आणि सरहद्दीवर त्याचा एक सरदार चार शेतकरी घेऊन फिरत असतो. आमच्या मॉडमध्ये इमादशाही आणि बरीदशाहीचं पंधराव्या टर्नला हेच व्हायचं.

डेस्कर स्ट्रॅटमध्ये प्रत्येक सत्तेपाशी दोन आकडे असतात: सुरुवातीची रोकड आणि 'किंग्ज पर्स'. दुसरा आकडा म्हणजे दर टर्नला काहीही न करता हातात पडणारी रक्कम. लहान सत्तांची ही रक्कम पाचशे-पाचशेनं वाढवून बघा. एकदम तिप्पट केलीत तर तीच सत्ता तीस टर्नमध्ये सगळा नकाशा गिळते.

यातला तोटा असा की तुम्ही स्वतः ती सत्ता घेतलीत तर पैसे तुम्हालाही मिळतात. त्यापेक्षा कॅम्पेन स्क्रिप्टमधली मदत चांगली. टर्न सुरू झाली, सत्ता बरीदशाही आहे, ती खेळाडूच्या हातात नाही आणि तिजोरीत दोन हजारांपेक्षा कमी आहेत, तरच तीन हजार द्या. या चारही अटी एकत्र हव्यात. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा 'सत्ता कुठली' ही अट विसरलो. विजापूरला पाच हजार द्यायचे होते. पण 'टर्न सुरू झाली' ही घटना प्रत्येक सत्तेच्या पाळीला घडते. बारा सत्ता, बारा वेळा पाच हजार. आदिलशहाला दर टर्नला साठ हजार मिळत होते आणि आम्ही तिघं डोकं खाजवत होतो की विजापूरचा कॉम्प्युटर एकाएकी एवढा हुशार कसा झाला.

स्क्रिप्टबद्दल आणखी दोन गोष्टी. एकदाच घडायची घटना असेल तर शेवटी 'टर्मिनेट मॉनिटर' लिहा, नाहीतर ती पुन्हा पुन्हा घडते. आणि 'मॉनिटर कंडिशन्स' जपून वापरा. तो प्रकार गेमकडून अटी सतत तपासून घेतो. 'मॉनिटर इव्हेंट' ठरलेल्या घटनेलाच जागा होतो. एका मित्राच्या मॉडमध्ये टर्न संपायला दीड मिनिट लागायचं. तीसएक कंडिशन्स इव्हेंटमध्ये बदलल्यावर चहा घ्यायला उठण्याइतका वेळ उरेना.

दुसरी सुधारणा भरतीची. ईडीबीमध्ये तुकडीच्या नावापुढं चार आकडे दिसतील, समजा १, ०.५, ४, ०. इमारत उभी राहताच एक तुकडी तयार. मग दर टर्नला अर्धी, म्हणजे दोन टर्नला एक. जास्तीत जास्त चार साठतात. शेवटचा शून्य म्हणजे अनुभव. सगळा खेळ दुसऱ्या आकड्यात आहे. घोडदळ ०.५ ठेवलं तर दहा टर्नमध्ये सगळीकडं घोडेच घोडे. ०.१ केलं तर दहा टर्नला एक तुकडी, मग तिची किंमत कळते, तिला भाल्यांच्या रांगेवर उधळताना हात आवरतो. आम्ही हत्ती ०.०५ वर ठेवलेत. मूळ गेममध्ये हत्ती तैमूरच्या सैन्यात आहेत, तिथूनच घेतले. बिथरले की आपल्याच माणसांना तुडवतात, ते तसंच राहू दिलंय. ते खरं आहे.

तिसरी, राजधानीपासूनचं अंतर. गेममध्ये लांबच्या शहरात असंतोष आपोआप वाढतो. युरोपचा नकाशा समोर ठेवून केलेला तो हिशेब आहे. दख्खनच्या नकाशात हंपीहून दूर दक्षिणेकडचं प्रत्येक शहर दर आठ टर्नला बंड करायचं. 'डेस्कर सेटलमेंट मेकॅनिक्स' या एक्सएमएलमध्ये 'डिस्टन्स टू कॅपिटल' अशी नोंद आहे, तिच्या खाली 'पिप मॉडिफायर'. तो १.० असतो. ०.९, ०.८ असं उतरत या. आम्ही ०.६ वर थांबलो. त्याच्या खाली गेलं की बंड होतच नाही आणि विजयनगर खेळणाऱ्याला काही कामच उरत नाही.

चौथी गोष्ट वेळेची, माझी आवडती. मूळ मोहीम १०८० ते १५३०, एका टर्नला दोन वर्षं, म्हणजे २२५ टर्न. पण माणसांचं वय टर्नला अर्धं वर्षच वाढतं. त्यामुळं तिथला राजा कॅलेंडरवरची दीडशे-दोनशे वर्षं बघून मरतो. आम्ही टाइमस्केल, म्हणजे एका टर्नला किती वर्षं ते सांगणारा आकडा, ०.५ केला. १४९० ते १६०० ही ११० वर्षं, २२० टर्न. लांबी जवळपास तेवढीच आणि माणसं माणसांसारखी म्हातारी होतात. तुमच्या मॉडचा काळ मोठा असेल तर हे जमणार नाही: ४५० वर्षांच्या ९०० टर्न कोण खेळणार? काळ लहान घ्या. इतिहासाच्या मॉडमध्ये सगळ्यांची हाव इथंच सुटते. वर्ष मोजायची पद्धत बदलली की तारखांवर बांधलेल्या घटना पुन्हा तपासाव्या लागतात. आम्ही मलिक-ए-मैदान तोफ १५४९ ला आणली, अहमदनगरात ती ओतली त्या वर्षी. पहिल्या चाचणीत ती १४९० सालीच येऊन उभी राहिली होती.

लढाई फार लवकर संपते अशी तक्रार असेल तर ईडीयूमध्ये 'स्टॅट मेंटल'चा पहिला आकडा सगळ्यांचा दोननं वाढवा. तो मनोधैर्याचा आहे. सैन्य पळ काढायला वेळ घेतं, मागून वळसा घालायला तुम्हाला सवड मिळते. चिलखत आणि हल्ल्याच्या आकड्यांना एवढ्यात हात लावू नका. ते एकमेकांत इतके गुंतलेत की एक ओढला की दहा सुटतात.

आणि कॉम्प्युटरचा स्वभाव. डेस्कर स्ट्रॅटमध्ये सत्तेच्या नावापुढं दोन शब्द असतात, एक कारभाराचा, एक लष्करी. लष्करी शब्द 'स्मिथ', 'हेन्री', 'सीझर', 'नेपोलियन', 'चंगीज', 'माओ', 'स्टालिन' असे आहेत, आणि प्रत्येकाची सैन्याची आवड वेगळी. आमची कुतुबशाही स्टालिन आहे. मित्राची आजी मागं बसून ऐकत होती. तिला हे समजावता समजावता आम्ही हरलो.

चाचणी कशी करायची

एका वेळी एकच आकडा. मोहीम सुरू करा, कोपऱ्यातली एखादी सत्ता घ्या, कन्सोलमध्ये, म्हणजे गेममधल्या हुकूम लिहायच्या चौकटीत, 'टॉगल एफओडब्ल्यू' लिहून नकाशावरचं धुकं काढा आणि काहीही न करता टर्न संपवत राहा. चाळीस टर्न. दर दहा टर्नला वहीत लिहा: कुणाकडं किती प्रदेश, कुणाची तिजोरी रिकामी दिसते, कोण हललंच नाही. कॉम्प्युटरमध्ये नको, वहीत. गेम उघडा असताना दुसरी खिडकी उघडायला गेलात तर हा म्हातारा गेम कधी कधी तेवढ्यावरही पडतो. मग तीच मोहीम पुन्हा दोनदा चालवा. एकदा आलेला निकाल योगायोग असू शकतो. तिन्ही वेळा गुजरात बसूनच राहिला तर तो दोष आहे.

आमची वही म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातली जुनी हजेरीवही. 'कामगाराचे नाव' या रकान्यात सत्ता, दिवसांच्या रकान्यात टर्न. एका पानावर फक्त सोलापूर आहे. सोळाव्या शतकात निजामशाही आणि आदिलशाही या गावावरून पुन्हा पुन्हा भांडल्या. हुंड्यात कबूल झालेला हा किल्ला दिला गेला नाही, म्हणून लढाया झाल्या. आमच्या पहिल्या चाचण्यांमध्ये मात्र चाळीस टर्न सोलापूरकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आम्हा तिघांना ते फार लागलं.

कारण शोधायला आम्ही पैशापासून सुरुवात केली, मग भरती, मग किल्ल्यातली शिबंदी. दोष शिबंदीत निघाला. गावाच्या प्रेमापोटी चुलतभावानं भुईकोटात सुरुवातीलाच अकरा तुकड्या बसवल्या होत्या आणि समोरचा कॉम्प्युटर आकडा बघूनच मागं फिरत होता. अकराच्या चार केल्या, बाकी काहीच बदललं नाही. त्या रविवारच्या तीन चाचण्यांपैकी पहिलीत सोलापूर अठराव्या टर्नला निजामशहानं घेतलं, एकतिसाव्याला आदिलशहानं परत. दुसरीत दोनदा हात बदलले. तिसरीत चोविसाव्या टर्नला वेढा पडला आणि वीज गेली.

सेव्ह विसाव्या टर्नचा होता.